काळे घेऊन गेले

१

गौरी यायला आठवडा उरला होता. शर्वाणी टिपणीसने स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवरचा पितळी डबा खाली घेतला, आणि तो हाताला हलका लागला. झाकण काढलं तर आत कापराच्या वड्या आणि दबलेला कापूस. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे चांदीचे मुखवटे नाहीसे झाले होते. पणजीसासूबाईंच्या वेळचे ते मुखवटे ठाण्याहून दुबईला विमानात मांडीवर बसून आले होते.

“आई, गौरींचे मुखवटे कुठेत?” ती सासूबाईंच्या कानाशी ओरडली.

कमलिनीआजी खिडकीपाशी वाती वळत बसल्या होत्या. कानातलं यंत्र नेहमीप्रमाणे डबीत होतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, “काळे घेऊन गेले.”

शर्वाणीने नवऱ्याकडे पाहिलं, चंद्रहासनी तिच्याकडे. आजींना पुढे कोणी एक अक्षर विचारलं नाही. दारात पिण्याच्या पाण्याची नवी बाटली ठेवलेली होती, म्हणजे दुपारी वॉचमन वर आला होता. आणि सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या टॉवरचे दिवसाचे वॉचमन दोघेही आफ्रिकेतले होते. चंद्रहासनी फोन उचलला. टेबलावरची आमटी निवायच्या आत दोघांची ओळखपत्रं काढून घेतली गेली आणि ते कंपनीच्या व्हॅनमध्ये बसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुराधा साने भाजी आणायला खाली उतरली तेव्हा लॉबीच्या टेबलामागे अनोळखी माणूस होता. आधीचा कुठे गेला, असं तिच्या मनात आलं आणि दारातून बाहेर पडेपर्यंत गेलंही. मग राजनसरांचा फोन आला.

राजनसर टॉवरच्या समान वागणूक समितीचे अध्यक्ष. मागे पोहण्याच्या तलावावर एका नायजेरियन बाईंना कोणीतरी नोकरांच्या लिफ्टने जायला सांगितलं, त्यावरून मोठा गहजब झाला. तेव्हा मॅनेजमेंटकडे खेटे घालून ही समिती राजनसरांनीच स्थापन करून घेतली होती. अनुराधाला नाही म्हणता येत नसे, म्हणून तीही त्या समितीत होती. पुण्याच्या शाळेत तिने वर्षानुवर्षं मराठी व्याकरण शिकवलं होतं, इथे शनिवारी मंडळातल्या मुलांना शिकवत होती. पोरांच्या वह्यांतल्या चुका हुडकायची सवय तिला समितीत उपयोगी पडे. आलेल्या तक्रारींचा छडा तीच लावायची आणि भाषण राजनसर करायचे.

“अनुराधाताई, त्या दोन सिक्युरिटीवाल्यांनी आपल्याकडे कंप्लेंट टाकलीय,” राजनसर म्हणाले. “त्यांना काढायला काल फोनवर मीच अप्रूव्हल दिलं होतं, त्यामुळे मी त्यात नको. तुम्ही हँडल करा. व्हिसा कॅन्सल होऊन तिकिटं निघायच्या आत रिपोर्ट दिलात की खलास.”

अनुराधा टिपणिसांकडे गेली. दारातच शर्वाणीने तिला आजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आणि अर्धं आयुष्य व्याकरणात घालवलेल्या या बाईने ‘काळे घेऊन गेले’ हे तीन शब्द ऐकले, मान हलवली आणि नुसतं “अरेरे” म्हटलं.

२

“पोलिसांत का नाही गेलात?” तिने विचारलं.

चंद्रहास एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते. प्रश्न आवडला नाही की ते घड्याळ बघत. “ताई, इथे केस म्हणजे केस असते. आपलं स्टेटमेंट जरा इकडे तिकडे झालं तर आपणच अडकायचो. आणि पोलिसांशिवाय सीसीटीव्हीचं फुटेज कोणी देत नाही. म्हटलं, माणसं बदला, विषय संपवा.”

“म्हणजे शिक्षा झाली, चौकशी राहिली.”

“चौकशी कसली? आईने डोळ्यांनी पाहिलंय ना.”

शर्वाणी चहा घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण बोलताना ती बोटातली अंगठी सारखी फिरवत होती. “खरं सांगू ताई? ते मुखवटे काळे पडले होते. इथल्या दमट हवेत चांदी टिकते कुठे? मी म्हटलं होतं, नवे फायबरचे मागवू, हलके आणि सुबक. त्यावरून आईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. आता वाटतं, माझ्याच तोंडातून अभद्र निघालं.”

अनुराधाने ते मनात टिपून घेतलं. सुनेला मुखवटे नको होते, आणि घराची किल्ली सुनेकडे होती. असले विचार येतात तेव्हा चहा गोड लागत नाही.

ती आजींपाशी जाऊन बसली.

“कोण, साने का?” आजींनी डोळे बारीक करून विचारलं. “या. तुमचा मुलगा गेला का हो कॅनडाला? त्या गद्र्यांचाही गेला म्हणे. आणि गोडबोल्यांच्या दर्शनचं लग्न ठरलं.”

“आजी, मुखवट्यांचं फार वाईट झालं,” अनुराधा मोठ्याने म्हणाली.

“वाईट कसलं? सांगितलं ना, काळे घेऊन गेले. येतील की परत!” आजी हसल्या आणि त्यांनी पुढची वात वळायला घेतली.

चंद्रहासनी अनुराधाला हळूच बाजूला घेतलं. “हल्ली असंच चालतं. येतील परत, म्हणे. तिला बीपी आहे, वॉचमनला काढल्याचं आम्ही तिला कळू दिलेलं नाही. प्लीज, तुम्हीही नका सांगू.”

तेवढ्यात शाळेतून आलेली त्यांची मुलगी अंतरा बॅग टाकत म्हणाली, “मम्मा, हू इज दॅट न्यू गाय डाउनस्टेअर्स? व्हेअर इज अबुजर?”

अनुराधाला त्या क्षणी कळलं की रोज तिच्यासाठी लिफ्टचं दार धरणाऱ्या माणसाला नाव आहे, आणि ते तिला आज एका शाळकरी मुलीकडून कळतंय.

३

सिक्युरिटी कंपनीचे वॉचमन दुबईबाहेर, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल भागात राहत. दोरीवर वाळणारे गणवेश, समोर वाळू आणि गोदामांची पत्र्याची शेडं. त्यांचा सुपरवायझर तय्यब पेशावरचा होता. त्याने फाटकापाशीच अनुराधाला गाठलं.

“मॅडम, आप आ गईं, अच्छा हुआ. वो दूसरा, ओकेलो, वो तो उस दिन ड्यूटी पे था ही नहीं. बुखार में पड़ा था, दवाई मैंने खुद लाके दी.”

“फिर उसको क्यों निकाला?”

तय्यबने दाढीवरून हात फिरवला. “टिपणीस साब ने फोन पे बोला, ‘दोनों काले, अभी के अभी.’ मैंने पूछा, साब, दोनों? बोले, माँ ने देखा है, एक नहीं, ज़्यादा थे. ऊपर से राजन साब का अप्रूवल आ गया. मैं नौकर आदमी, क्या करता?”

अनुराधा थबकली. ज़्यादा थे! ‘काळे’ आणि ‘गेले’ हे अनेकवचन चंद्रहासनी बरोबर ऐकलं होतं, आणि त्या एका अनेकवचनापायी तापाने फणफणलेल्या माणसाची नोकरी गेली होती. पण ओकेलो जर तिथे नव्हताच, तर आजींनी अनेकवचन कोणासाठी वापरलं?

अबुजर बाकावर बसला होता. तो युगांडाचा, कंपालाजवळच्या गावातला. गणवेश नव्हता म्हणून तिला तो पटकन ओळखू आला नाही, आणि याचीही तिला लाज वाटली. त्याचं इंग्रजी साधं आणि स्वच्छ होतं.

“त्या दिवशी तू वर गेला होतास?” तिने विचारलं.

“हो, मॅडम. पाण्याची बाटली द्यायला. आजींना उचलत नाही. मी ती दारात ठेवली, त्यांनी मला खोबऱ्याची वडी दिली. मी आत पाऊल टाकलं नाही.”

“तुझ्या आधी किंवा नंतर कोणी आलं होतं?”

“टॉवरमध्ये राहणारी माणसं वर-खाली करतात. त्यांना आम्ही विचारत नाही. आम्ही फक्त बाहेरच्यांना विचारतो.” तो थोडा थांबला. “मॅडम, माझ्या बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. चोर म्हणून परत गेलो तर गावात तिच्याशीही कोणी बोलणार नाही. काम गेलं तरी चालेल. हे नाव पुसून द्या.”

तिने मान हलवली. आश्वासन द्यायची तिला भीती वाटली.

ती उठताना तो म्हणाला, “एक विचारू? तय्यब सांगत होता, आजींनी ‘काळे’ म्हटलं. मला हा शब्द माहीत आहे. तुमची सगळी माणसं मला ‘काळ्या’ म्हणतात. लिफ्टमध्ये, फोनवर. त्याचा अर्थ सिक्युरिटी, हो ना?”

अनुराधाला स्वतःच्या घरातली वाक्यं आठवली. ‘त्या काळ्याकडे किल्ली ठेव.’ ‘काळ्याला सांग पार्सल घ्यायला.’ ती वाक्यं तिचीच होती.

“हो,” ती म्हणाली. “सिक्युरिटी.”

४

राजनसरांचा वर्कशॉप तिथून जवळच होता. दारावर ‘आर. के. इंटिरिअर्स’ अशी पाटी आणि आत लाकडाचा भुसा. अनुराधाला बघून ते दचकले, मग नेहमीचं तोंडभर हसू हसले.

“एवढ्या उन्हात? ताई, फोन करायचा की! यल्ला, बसा, लस्सी मागवतो.”

तिने त्यांना ओकेलोच्या तापाचं सांगितलं. राजनसरांनी हातातला रंधा खाली ठेवला, परत उचलला.

“बघा, मी काय म्हणतो, फार खोलात जाऊ नका. गौरीच्या तोंडावर कोणाच्या घराची शोभा कशाला करायची? मुखवटे सापडतील, इन्शाल्ला. कुठेतरी हिरव्या खणात गुंडाळून ठेवलेले असतील. म्हाताऱ्या माणसांचं काय, आज ठेवतात, उद्या विसरतात.”

“आणि ते दोघं?”

“त्यांना काय, ही कंपनी नाही तर दुसरी. तुम्ही ‘गैरसमज’ असा रिपोर्ट लिहा, मी सही करतो.” ते तिच्याकडे न बघता बोलत होते. गेल्याच महिन्यात याच माणसाने क्लबहाउसमध्ये माणुसकीवर असं भाषण केलं होतं की फिलिपिनो बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अनुराधाला वाईट वाटलं, पण दमला असेल बिचारा, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

परतताना टॅक्सीत तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. शर्वाणी म्हणाली होती, मुखवटे काळे पडले होते! म्हणजे आजींच्या मनात माणसं नव्हतीच. काळे झालेले मुखवटे कोणीतरी घेऊन गेले. उजळायला! म्हणूनच त्या निर्धास्त होत्या, म्हणूनच ‘येतील की परत’. तिने टॅक्सी शारजाच्या रोल्लाकडे वळवायला लावली.

रोल्लाच्या गल्लीत मोईनशेठचं चांदी उजळायचं दुकान होतं. अर्ध्या दुबईची मराठी घरं गणपतीच्या आधी आपलं ताट-निरांजन त्यांच्याकडे टाकतात.

“गौरी के चेहरे? नहीं बहनजी,” मोईनशेठ म्हणाले. “इस बार नहीं आए. आपके मंडल का सामान भी नहीं आया. हर साल राजन साहब गाड़ी में डाल के लाते हैं, इस साल बोले थे आऊँगा, फिर दिखे ही नहीं.”

अनुराधा दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. म्हणजे हाही रस्ता बंद. तेवढ्यात तय्यबचा फोन आला. ओकेलोचा व्हिसा रद्द झाल्याचे कागद आधी तयार झाले होते. त्याला उद्या सकाळीच विमानतळावर नेणार होते.

५

सकाळी पोह्यांची बशी पुढे ठेवून सत्यजितने बायकोला विचारलं, “मग? तो काळा काय म्हणाला?”

“काय म्हणणार बिचारा,” अनुराधा म्हणाली. “तो म्हणाला, मी बाटली ठेवली आणि गेलो. तो आत गेलाच नाही. वडी घेतली आणि खाली—”

ती थांबली. चमचा हातात तसाच राहिला.

“काय गं?”

“सत्यजित, आपण त्याच्याबद्दल कसं बोलतो? तो म्हणाला. तो गेला. तो आला.”

“मग काय म्हणणार? वॉचमन आले, असं कोणी म्हणतं का?”

“तेच! कोणीच म्हणत नाही!” तिचा आवाज चिरकला. “मी नाही, तू नाही, शर्वाणी नाही. मग ऐंशीच्या घरातल्या कमलिनीआजी म्हणतील? त्यांना अबुजर सांगायचा असता तर त्या म्हणाल्या असत्या, ‘काळा घेऊन गेला.’ दोघं असते तर ‘गेले’ बरोबर होतं, पण दुसरा तापाने पडला होता. एकच माणूस आणि तरी ‘गेले’, म्हणजे तो आदरार्थी बहुवचनातला माणूस आहे. आजी ज्याला मान देतात असा. आणि मान द्यायच्या माणसाला आजी काय म्हणतात? मला साने. डॉक्टरांना गद्रे. आडनावाने हाक मारतात त्या!”

सत्यजितने पोहे बाजूला सारले. “काळे. आडनाव काळे.”

शनिवारच्या वर्गात अनुराधा मुलांकडून हेच घोकून घेत होती, मोठ्यांबद्दल ‘आला’ नाही, ‘आले’ म्हणायचं. आणि आपल्या कानावर तेच आलं तेव्हा आपल्याला फक्त कातडी ऐकू आली. एका मराठी घरात, मराठी माणसांना, इतकं साधं आडनाव सुचलं नव्हतं! तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

“पण आपल्या टॉवरमध्ये काळे कोण आहे?” सत्यजित म्हणाला. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने ओळखत, फोनमध्येही तशीच नावं होती. अर्ध्या शेजाऱ्यांची आडनावं दोघांनाही ठाऊक नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर मात्र एक पाटी आली. आर. के. इंटिरिअर्स.

ती तशीच वर धावली. शर्वाणी काही म्हणायच्या आत तिने डबीतलं यंत्र काढून आजींच्या कानात बसवलं.

“आजी, आपल्या समितीचे राजनसर, त्यांना तुम्ही काय म्हणता?”

“राजन? म्हणजे आपले काळे?” आजी म्हणाल्या. “त्यांचे वडील ठाण्याला आमच्या शेजारी होते हो, चंद्रहासच्या जन्माआधी. त्यांनाच तर मुखवटे दिले, रोल्लाला उजळून आणायला. हिला फायबरचे हवेत ना! म्हटलं, लख्ख करून समोर ठेवले की बघू काय बोलते. माझ्या हिरव्या खणात बांधून दिले. का? काय झालं?”

चंद्रहास दारात उभे होते. आईला सांगायचं नाही, असं बजावणाऱ्या त्या माणसानेच खाली बघत सगळं सांगितलं.

आजींनी मुलाकडे पाहिलं. “तो काळा?” त्या म्हणाल्या. “अरे, तो कशाला घेईल? माझी बाटली आणून देतो तो काळा. मी सांगितलं काय आणि तुम्ही ऐकलंत काय!”

आजींनी त्याला दोनदा ‘काळा’ म्हटलं, दोन्ही वेळा प्रेमाने, आणि दोन्ही वेळा एकवचनात. अनुराधाचा पुरावा पक्का झाला होता. तिला त्याचा मुळीच आनंद झाला नाही.

६

राजनसर क्लबहाउसमध्ये गणपतीच्या मखराचं माप घेत होते. अनुराधाने दार लोटून घेतलं.

“तक्रारीत फक्त ‘चांदीची वस्तू’ एवढंच लिहिलं होतं. पण काल तुम्ही मला मुखवटे म्हणालात. वर हिरवा खण म्हणालात,” ती म्हणाली. “शर्वाणी ते कापसात ठेवायची. खणात कमलिनीआजींनी बांधले, तुमच्या हातात देताना. खणाचं तुम्हा दोघांखेरीज कोणालाच माहीत नव्हतं, काळेसाहेब.”

आडनाव ऐकल्यावर ते खाली बसले. टेप हातातून सुटून सर्रकन गुंडाळली गेली.

“गाडीत आहेत,” ते म्हणाले. “डिकीत. मी चोरले नाहीत हो, ताई.”

“ते मला माहीत आहे.”

“कामाच्या गडबडीत रोल्लाला जायचं राहिलं. आणि त्या संध्याकाळी चंद्रहासचा फोन आला, सिक्युरिटीने चोरी केली, काढून टाकतोय, अप्रूव्ह करा. मी साइटवर होतो. काय चोरलं, कोणी पाहिलं, काही विचारलं नाही. हो म्हटलं. मग घरी आल्यावर कळलं, मुखवटे.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? समान वागणूक समितीच्या अध्यक्षाने दोन आफ्रिकन माणसांना न विचारता घालवलं, आणि माल त्याच्याच डिकीत? लोक थुंकले असते तोंडावर. म्हटलं, गुपचूप खणासकट कपाटात ठेवून येईन, सापडले म्हणतील, आणि त्या दोघांना कुठेतरी चिकटवून देईन.”

“म्हणून काल मला रिपोर्ट लिहायला सांगत होतात.”

“सारखा फोन हातात घेत होतो, ताई.”

“मग आत्ता घ्या. ओकेलोचं विमान आहे.”

त्यांनी तय्यबला फोन लावला. स्पीकरवर तय्यबचा आवाज आला, मागे व्हॅनचा हॉर्न वाजत होता. “साब, मैं तो छोड़ के वापस आ रहा हूँ. वो अंदर चला गया. वीज़ा कैंसल है, अब बाहर कैसे आएगा?”

राजन काळेंनी फोन बंद केला. अनुराधाला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांनी एका फोनवर जे केलं, तेच तिने टिपणिसांच्या दारात ‘अरेरे’ म्हणून केलं होतं. डिकीतला हिरवा खण तेवढा तिच्याकडे नव्हता.

७

अबुजरची नोकरी परत मिळाली. राजनसरांनी अध्यक्षपद सोडलं, आणि सगळ्या रहिवाशांसमोर उभं राहून आपण काय केलं ते स्वतः सांगितलं. ओकेलोला परत आणायचा खर्च आपण करू, असं ते म्हणाले. पण ओकेलोच्या भावाचा निरोप आला, की तो पुन्हा इकडे येणार नाही. चंद्रहास लॉबीत जाऊन अबुजरला सॉरी म्हणाले आणि मिठाईचा पुडा देऊन आले. गौरी बसल्या, मुखवटे लख्ख उजळलेले होते, आणि हळदीकुंकवाला आलेल्या कुठल्याच बाईने त्या डोळ्यांना फार वेळ डोळे भिडवले नाहीत.

अनुराधा मात्र लॉबीतून मान खाली घालून जाऊ लागली होती. एका दुपारी अबुजरने तिला हाक मारली.

“मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिले. आणि एक विचारायचं होतं. तय्यब म्हणतो, मुखवटे सापडायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं की मी घेतले नाहीत. कसं?”

मुखवटे सापडले ना, आता कशाला, असं म्हणून तिला सुटता आलं असतं. तिने पिशवी खाली ठेवली.

“आमच्या भाषेत मान द्यायच्या माणसाबद्दल बोलताना ‘गेले’ म्हणतात,” ती इंग्रजीत सांगू लागली. “ज्याला मान द्यायचा नसतो, त्याला ‘गेला’. आजी ‘गेले’ म्हणाल्या. म्हणून ते तुम्ही नव्हतात. तुमच्याबद्दल आमच्यातलं कोणीच कधी तसं बोललेलं नव्हतं.”

तो ऐकत होता.

“आणि तो शब्द,” ती म्हणाली. “काळ्या. त्याचा अर्थ सिक्युरिटी नाही. त्याचा अर्थ काळा माणूस. मी तुमच्याशी खोटं बोलले. मला शरम वाटली म्हणून बोलले. आणि तो शब्द मीही वापरत होते.”

उत्तर आलं, हळू आणि साध्या इंग्रजीत.

“ओकेलो नवा आला तेव्हा त्याला मीच शिकवलं होतं. म्हटलं, हे लोक ‘काळ्या’ म्हणाले की तुलाच बोलावतायत असं समज. लगेच जायचं, हसायचं आणि गुड मॉर्निंग म्हणायचं.”

तिने पिशवी उचलली. वरून लिफ्ट आली. अनुराधाकडे न बघता अबुजर खुर्चीतून उठले, आणि रोजच्यासारखं तिच्यासाठी दार धरून उभे राहिले.